पावसावर चाललेल्या गिरण्या

मुंबईच्या गिरण्यांना कापूस खानदेश-वऱ्हाडातून मिळायचा, मजूर कोकणातून आणि घाटावरून यायचे, पैसाही बराचसा शहरातल्याच पेढ्यांतला होता. लांबून सतत आणावा लागे तो कोळसा. कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघू लागलं. तिथपासून पुढची साठेक वर्षं या शहराचा सगळा डामडौल दुसऱ्या कुठल्यातरी जमिनीतून उकरलेल्या इंधनावर उभा होता.

सुरुवातीला हा कोळसा विलायतेहून जहाजानं यायचा. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि वाट जवळची झाली, पण तरी ती समुद्रापारचीच. पुढे राणीगंज आणि झरियाचा बंगाली कोळसा येऊ लागला. तोही रेल्वेनं दीड हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून, नाहीतर कलकत्त्याला बोटीत भरून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून. हुगळीकाठच्या ताग गिरण्यांना जो माल दारात मिळत होता, तोच मुंबईला भाड्यासकट विकत घ्यावा लागत होता. खाणीच्या तोंडाशी स्वस्त असलेली वस्तू बंदरात पोचेपर्यंत महाग होई आणि गिरणीमालकांच्या बैठकीत कापसाच्या भावाइतकीच कोळशाच्या भावाची चर्चा चाले.

गिरणीत त्या कोळशाचं काय होई, हेही बघण्यासारखं होतं. अंगणात बॉयलर, शेजारी इंजिनघर, त्यात माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं अवजड चाक. त्या चाकावरून सुती दोर निघत आणि मजल्यामजल्यावरच्या लोखंडी दांड्यांना फिरवत. दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरत आणि एकेका साच्याला गती देत. म्हणजे चौथ्या मजल्यावरचा एक साचा चालवायचा तरी तळमजल्यावरचं अख्खं इंजिन फिरलं पाहिजे. वाटेत दोर, दांड्या, पट्टे यांच्या घर्षणातच बरीच ताकद जिरून जाई. दोर तुटला की मजला बंद, इंजिन बिघडलं की गिरणी बंद.

वीज या कारखान्यांत शिरली ती साचे चालवायला नव्हे, उजेड द्यायला. आणि तिथेही तिनं पहिली करामत केली ती कामगारांच्या जिवावर. सूर्य मावळला की काम थांबे, हा निसर्गाचा नियम विजेच्या दिव्यांनी मोडला. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कामगार भडकले, दंगे झाले, चौकशी समित्या बसल्या आणि अखेर १९११ च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला. पाठोपाठ १९१२ मध्ये मुंबईत धूर-उपद्रवाचा कायदा झाला. परळ-लालबागच्या धुराड्यांचा धूर एव्हाना साहेबांच्या बंगल्यांपर्यंत पोचू लागला होता, त्याशिवाय कायदा इतक्या लवकर झाला असता असं वाटत नाही. त्या कायद्यालाही धुरातली काजळी तेवढी खटकत होती. त्याच धुराड्यातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा कार्बन डायऑक्साइड हा काही कुणाच्या तक्रारीचा विषय नव्हता.

मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, लोणावळ्याच्या माथ्यावर, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीची गंमत अशी की हा पाऊस कड्याच्या टोकावर पडतो, पण वाहतो उलट्या दिशेला. कोकणचा समुद्र नजरेच्या टप्प्यात असताना इंद्रायणी पाठ फिरवून पूर्वेला निघते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. हे पाणी माथ्यावरच अडवून पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडलं तर त्यातून किती ताकद निघेल, हा विचार डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदानं मांडला आणि जमशेटजी टाटांनी तो उचलून धरला. कल्पना काही हवेतली नव्हती. नायगाऱ्याची वीज १८९६ मध्ये बफेलो शहरात पोचली होती. म्हैसूर संस्थानानं १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत नेऊन दाखवली होती. पण तिथे धबधबे आयते होते. इथे तळी माणसानं बांधायची होती, आठ कोरड्या महिन्यांना पुरेल एवढी.

जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत वारले. योजना कागदावरच राहिली आणि गाठ पडली ती पैशाशी.

कोळशाच्या आणि पाण्याच्या विजेत खरा फरक पैसे कधी मोजायचे याचा आहे. कोळशाचं इंजिन त्या मानानं स्वस्त पडतं, इंधनाचे पैसे मात्र दर महिन्याला चुकते करावे लागतात. धंदा मंदावला तर कोळसा कमी घ्यावा. पाण्याचं उलट. धरणं, कालवे, नळ, तारा यांचे सगळे पैसे आधी ओतायचे, मग पाऊस फुकट. त्या पैशावरचं व्याज हाच या विजेचा इंधनखर्च. व्याजाचा दर दोन टक्क्यांनी चढला की पाण्याची वीज महाग, उतरला की कोळसा महाग. ही गोष्ट आज पवनचक्की आणि सौर पॅनेललाही तशीच लागू आहे.

दोराबजी टाटांनी लंडनच्या बाजारात प्रयत्न करून पाहिला. हाती काही लागलं नाही. हिंदुस्थानातल्या एका डोंगरात पावसाचं पाणी साठवून कापड गिरण्या चालवण्याच्या योजनेवर तिथल्या सावकारांचा भरवसा बसला नाही. मग पैसा उभा राहिला तो देशातच. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्याचे भाग तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी उचलले होते. त्या अनुभवाचा इथे उपयोग झाला. ७ नोव्हेंबर १९१० रोजी ‘टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी’ नोंदवली गेली. संस्थानिकांनी पैसे घातले, मुंबईच्या शेठजींनी घातले. कंपनीच्या संचालकांत सर ससून डेव्हिड यांच्यासारखे गिरणीमालक होते, म्हणजे विकणारा आणि विकत घेणारा एकाच टेबलाशी बसले होते. वीज तयार होण्याआधीच तिचं गिऱ्हाईक ठरलेलं असणं, ही कुठल्याही सावकाराला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला कोनशिला बसवली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू झाली.

लोणावळा, वळवण आणि शिरवता अशी तीन तळी. त्यांचं पाणी उघड्या कालव्यातून खंडाळ्याच्या कड्यापर्यंत येई आणि तिथून पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, खोपोलीला. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नळाच्या तोंडातून सुटतं तेव्हा ते पाणी वाटतच नाही, घट्ट दांडका वाटतो. तो झोत पेल्टन चाकाच्या परिघावर बसवलेल्या जोडवाट्यांवर आदळतो, वाटीच्या मधल्या धारेवर दुभंगतो, वाटीतून उलटा वळून बाहेर पडतो आणि जाताना जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन जातो. चाकातून निथळलेलं पाणी पाताळगंगेत सोडलं जाई. उन्हाळ्यात कोरडी पडणारी ती नदी त्यामुळे बारमाही झाली. वीज सत्तर-एक किलोमीटर तारांवरून परळला जाई आणि गिरणीच्या एकेका खात्याला स्वतंत्र मोटर मिळे. इंजिनघरातल्या त्या दोरांचं काम संपलं.

मुहूर्त नशिबानं चांगला लागला. महायुद्ध सुरू झालं होतं, जहाजं लष्करानं घेतली, बंगाली कोळसा रेल्वेवर लोटला गेला आणि भाव वर चढले. ज्या गिरणीमालकांनी विजेचे करार केले होते त्यांना आपण शहाणे असल्याचा साक्षात्कार झाला, ज्यांनी केले नव्हते ते रांगेत आले. १९१६ मध्ये आंद्रा खोऱ्यासाठी दुसरी कंपनी निघाली. ठोकरवाडीच्या धरणाचं पाणी भिवपुरीला उतरू लागलं, तिथली वीज १९२२ मध्ये आली. तिसरी कंपनी १९१९ ची. तिला नीला आणि मुळा या नद्यांचा संगम हवा होता, मुळशीला.

कंपन्यांच्या इतिहासात इथे एखादा परिच्छेद येतो आणि पान उलटतं. मुळशीतल्या लोकांना पान उलटणं इतकं सोपं गेलं नाही. पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती, माणसं दहा हजारांच्या पुढे. खोऱ्यातला आंबेमोहोर पुण्याच्या बाजारात नाव कमावून होता. जमिनी घ्यायला सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा खाजगी कंपनीच्या मदतीला दिला. लंडनच्या बँकेकडून न मिळालेली एक सवलत कंपनीला अशी सरकारकडून मिळाली. विकायची इच्छा नसलेल्या माणसाकडून, ठरवलेल्या भावात जमीन. प्रकल्पाच्या हिशेबात ही रक्कम ‘नुकसानभरपाई’ या खात्यात लिहिली जाते. खरं तर ती भांडवलाचाच भाग समजायला हवी.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पुढारी पांडुरंग महादेव बापट, ज्यांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्यानं दिलं, आणि विनायकराव भुस्कुटे, ज्यांनी पुढे या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला. काही महिने काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, माणसं पुन्हा बसली. बायका, मुलं, म्हातारी माणसं तुरुंगात गेली. पुण्याची वर्तमानपत्रं पाठीशी होती, सभा होत होत्या.

आणि मग लढा आतून पोखरला गेला, तोही पैशानंच. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी आधीच पुण्याच्या आणि गावोगावच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणारा मावळा, मालक सावकार. भरपाई मिळणार होती ती मालकाला. भावाची घासाघीस होऊन आकडा मनासारखा झाला तसे सावकार एकेक करून सह्या करून मोकळे झाले. कुळाच्या हाती ना जमीन, ना रक्कम. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामगारांची गाडी अडवून शस्त्र उचललं आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. तोवर आंदोलन मागे पडलं होतं. धरण पुरं झालं, १९२७ मध्ये त्याच्या पाण्यावरचं भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. कोळसा वाचेल, गिरण्यांना स्वस्त वीज मिळेल, हा कंपनीचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण ज्या खोऱ्यातून मुंबईला उजेड गेला त्या खोऱ्यातल्या कितीतरी वाड्यांनी पुढची कित्येक दशकं रॉकेलच्या चिमणीवर काढली.

तिकडे कंपनीलाही पैशाची चणचण होतीच. १९२० च्या दशकात टाटांचे सगळेच मोठे कारखाने कर्जानं वाकलेले होते. १९२९ मध्ये वीज कंपन्यांच्या व्यवस्थापनात ‘अमेरिकन अँड फॉरिन पॉवर’ या परदेशी कंपनीला भागीदार करून घ्यावं लागलं. आणि याच सुमारास एक योजना बासनात गेली, तिचं नाव कोयना. टाटांच्या माणसांनी त्या खोऱ्याची पाहणी केली होती, पण त्या दशकाअखेरच्या आर्थिक तंगीत ती बाजूला पडली. कोयनेचं काम सुरू झालं १९५४ मध्ये, सरकारी पैशातून, आणि वीज आली १९६० च्या दशकात. मधल्या तीस वर्षांत जेवढी वीज लागली ती अर्थातच दुसरीकडून आली.

दुसरीकडून म्हणजे कुठून, याचं उत्तर कल्याणजवळ ठाकुर्लीला उभं होतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. पाच वर्षांत तारा भोर घाट चढून पुण्याला पोचल्या आणि ‘खेकडा’ या टोपणनावाचं विजेचं इंजिन मालगाड्या ओढू लागलं. मात्र रेल्वेनं १९२९ मध्ये स्वतःचं वीजघर बांधलं ते कोळशाचं, ठाकुर्लीच्या चोळे गावाजवळ. टाटांच्या पाण्याची वीज शेजारून जात असताना असं का? रेल्वेला कोळसा वाहण्याचं भाडं आपलंच आपल्याला द्यायचं होतं. जे ओझं गिरणीमालकाला जड होतं ते तिला जाणवत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर शहर इतकं वाढलं की घाटातलं पाणी अपुरं पडू लागलं. या वेळी तोडगा कोळशा-तेलाचा निघाला. १९५४ मध्ये जागतिक बँकेनं टाटांच्या ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रासाठी कर्ज दिलं. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरातल्या पाण्याला न भुललेला परदेशी पैसा समुद्रकाठच्या धुराड्याला मात्र चटकन मिळाला. त्याला बँकेचा पक्षपात म्हणता येणार नाही. औष्णिक केंद्र दोन-तीन वर्षांत उभं राहतं, ठराविक साच्याचं असतं, त्याला मुळशी नसते. ट्रॉम्बेत शेजारीच तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहत होते. १९५६ पासून ट्रॉम्बेची वीज सुरू झाली आणि मुंबईच्या विजेतला पावसाचा वाटा उतरणीला लागला.

पुढचा बदल विदर्भात झाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, कोराडी १९७४ मध्ये आणि चंद्रपूर १९८३ मध्ये सुरू झालं. वर्धा खोऱ्याचा कोळसा म्हणजे महाराष्ट्राचा स्वतःचा कोळसा. १९९९ मध्ये चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे ही साडेसातशे किलोमीटरची उच्च दाबाच्या एकदिश विजेची वाहिनी झाली आणि मुंबईच्या शतकभराच्या तक्रारीचं कारणच उरलं नाही. कोळसा वाहून आणायची गरज संपली. तो चंद्रपुरातच जाळायचा, वीज तेवढी आणायची. धूर, राख आणि उन्हाळ्यातली तलखी चंद्रपूरच्या वाट्याला. तंत्रज्ञान तेच, तारेचं. १९१५ मध्ये त्यानं मुंबईला कोळशापासून सोडवलं होतं, १९९९ मध्ये त्यानंच कोळशाशी पक्कं बांधलं. आज चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून ४४७.

मधे एकदा गॅसची वाट घेऊन पाहिली होती. गॅसच्या विजेतून कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन बाहेर पडतो. पण दाभोळचा प्रकल्प कार्बनच्या हिशेबानं कुणी तपासलाच नाही. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी बोलणी सुरू झाली, १९९३ मध्ये जागतिक बँकेनं कर्ज द्यायला नकार दिला. आयात गॅसची महाग वीज स्वस्त कोळशाच्या विजेला बाजूला सारेल, हे तिचं म्हणणं होतं. करार झाला तोही असा की डॉलर चढला की महाराष्ट्राचं बिल चढे. राज्य वीज मंडळाला ती वीज परवडेना. २००१ मध्ये केंद्र बंद पडलं, त्याच वर्षी एन्रॉनचं दिवाळं निघालं. नुकसान झालं ते एका प्रकल्पापुरतं राहिलं नाही. ‘आपला कोळसाच बरा’ हे मत पुढे सरकारी कचेऱ्यांत बरीच वर्षं टिकलं.

आता थोडं गणित. कृष्णा पाणीतंटा लवादानं टाटांच्या तळ्यांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ४२.६ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. एवढं पाणी पाचशे मीटर खाली पडलं तर साधारण १४० कोटी युनिट वीज निघते. कोळशाच्या विजेला युनिटमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला तेरा-चौदा लाख टन वायू हवेत जात नाही. शंभर वर्षांपूर्वीची योजना, कर्ज केव्हाच फिटलेलं, यंत्रं वेळोवेळी बदललेली, आणि आजही हा आकडा. तळ्यांच्या तळाशी कुजणाऱ्या वनस्पतींतून थोडा मिथेन येतो, तो धरूनही हिशेब फारसा बदलत नाही.

पण तेच ४२.६ अब्ज घनफूट भीमेच्या खोऱ्यातल्या माणसाला वेगळे दिसतात. सोलापूर-पुण्याच्या कोरड्या तालुक्यांत टँकर फिरत असताना घाटमाथ्याचं पाणी कोकणात का सोडायचं, वीज काय कुठूनही आणता येईल, पाणी कुठून आणणार, हा प्रश्न दर दुष्काळात उठतो आणि तो बिनतोड आहे. दुसरीकडे कुंडलिकेचं पात्र भिऱ्याच्या सोडलेल्या पाण्यावर वाहतं. कोलाडला राफ्टिंगच्या नावा सुटतात त्या भिऱ्यात सकाळी जनित्रं चालली म्हणून. पाणी पूर्वेला वळवलं तर कार्बन वाढेल आणि कोकणातले पंप कोरडे पडतील. नाही वळवलं तर सोलापूर वाट बघत राहील.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात झालेल्या करारात या पेचातून निघायची एक वाट दिसते. शिरवत्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॉटचे उदंचन प्रकल्प, खर्च सुमारे १३,००० कोटी रुपये. दुपारी सौर वीज उतू जाते तेव्हा ती वापरून पाणी खालून वर चढवायचं आणि संध्याकाळी, घरोघरी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडायचं. पाणी तेच वर-खाली होतं, त्यामुळे लवादाच्या मर्यादेला नव्यानं हात लागत नाही. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा संच १९९० च्या दशकापासून चालूही आहे. पाणी चढवायला जेवढी वीज लागते त्याच्या पाऊणपटीच्या थोडी वर परत मिळते, म्हणजे जुन्या हिशेबनिसानं हा धंदा बुडीत खात्यात टाकला असता. आजचा सावकार त्यासाठी कर्ज देतो, कारण दुपारच्या आणि संध्याकाळच्या युनिटच्या भावात आता तेवढं अंतर पडलं आहे.